श्रावण डोंगरवारचे बावीस नंबर

श्रावण डोंगरवार सकाळी दात घासायच्या आधीच पिऊन असतो, असं आमच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे अगदी सगळे. ज्यांना स्वतःला मोहाच्या दारूशिवाय झोप लागत नव्हती, तेसुद्धा. पुरावे भरपूर होते. पायाखाली जमीन नसून डोंगा आहे असा तो चालायचा. बोलायचा तर तोंडात उकडलेला शिंगाडा आहे आणि तो गिळावा की थुंकावा हे ठरत नाही, अशा आवाजात. चहाची बशी ओठाला लागेपर्यंत अर्धी रिकामी. सानगडीहून साकोलीला जाणाऱ्या एस.टी.चा कंडक्टर त्याला पायरीवर पाहिलं की हात आडवा धरायचा. ‘‘उतर बाप्पा, उतर. मांगच्या हप्त्यात तुह्यासारख्याच एकानं मले गाडी धुवाले लावली.’’ श्रावण डोंगरवार गुपचूप उतरायचा आणि पायी निघायचा. भांडायचा नाही. भांडत नाही म्हणजे नक्की प्यायलेला, असंही लोक म्हणायचे.

आता खरं काय ते सांगते. श्रावणकाकाजींनी जन्मात थेंब घेतलेला नाही. पलटणीत रम वाटायचे तेव्हा आपला वाटा ते शेजारच्याला द्यायचे आणि त्याच्याकडून उकडलेली अंडी घ्यायचे. ते बॉक्सर होते. अठ्ठावन्न सालापासून सत्तरपर्यंत, बारा वर्षं, त्यांनी पलटणीकडून ठोसे मारले आणि खाल्ले. मारलेल्या ठोशांचे कप मिळाले. ते त्यांच्या बायकोच्या, केशरकाकूच्या फळीवर आहेत, एकात ती जिरं ठेवते. खाल्लेले ठोसे डोक्यात राहिले. कामठीच्या मिलिटरी डॉक्टरनं त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली, एका रेघेवरून चालायला लावलं आणि सांगितलं, की मेंदू इतक्या वेळा आतल्या आत आपटला आहे की आता तो हाताला, पायाला, जिभेला हुकूम द्यायचं हळूहळू विसरत जाईल. औषध नाही. तेव्हा काकाजी चाळिशीलाही टेकले नव्हते.

मग लोकांना बाटली कुठं दिसली? बाटली माझी.

मी नकला करते. आमच्या शाळेचे हेडमास्तर, सुईण रत्नाबाई, एस.टी.चा तो कंडक्टर, गाभण म्हैस, सगळे मला येतात. श्रावणकाकाजी मी बाराव्या वर्षी बसवले. सोपे नव्हते. जीभ खालच्या दातांमागं टेकवून ठेवायची, शब्दाचं शेवटचं अक्षर गिळायचं, आणि पाय उचलायचा नाही, सरकवायचा. पण नुसतं तेवढं केलं की लोक हसता हसता मध्येच थांबायचे, काहीतरी आठवल्यासारखे. म्हणून मी कमरेला औषधाची रिकामी बाटली खोचली आणि चालता चालता तिला विचारलं, ‘‘काहून वो, सरली काय तू?’’ झालं! लोक लोळायला लागले. दिवाळीनंतरच्या दोन मंडया, म्हणजे आमच्याकडच्या नाच-नकलांच्या जत्रा, मी त्या एका वाक्यावर गाजवल्या. तोवर गावात नुसती कुजबुज होती, मंडईनंतर ती सरकारी बातमी झाली.

माझा हेतू वाईट होता का? होता. मी जळत होते.

कारण माझे बाबा. बाबांचं नाव खुशाल. रोज सकाळी बैल सोडायच्या आधी ते शेजारी काकाजींच्या घरी जायचे आणि त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या लावून द्यायचे. काकाजींचे हात रिकामे असले की थरथरतात. फावडं धरलं, दोर धरला की थांबतात. पण गुंडी ही इतकी बारीक वस्तू की ती धरली न धरली सारखीच. पाच गुंड्या. मग बाबा तिथंच चहा प्यायचे आणि दोघं काहीच न बोलता अर्धा तास बसायचे. माझ्या वेणीची रिबीन बाबांनी जन्मात एकदाही बांधून दिली नाही, आणि इथं रोज पाच गुंड्या!

‘‘मले हात लावू देत नाई,’’ केशरकाकू आईजवळ तक्रार करायची. ‘‘मनतात, ग्लोव्हची दोरी कधी बायको बांधते काय? ते कोपऱ्यात उभ्या असनाऱ्या मानसाचं काम आहे. तं मंग मी कोन आहो वो, पब्लिक?’’

गंमत म्हणजे आमच्या घरात आधी जळले ते बाबाच. छप्पन साली बाबा आणि काकाजी एकाच सायकलवर बसून भरतीला गेले होते. बाबांची छाती अर्धा इंच कमी भरली. काकाजींची फुगवून पुरली. बाबा एकटे सायकल घेऊन परत आले. त्यानंतर काकाजींचे फोटो येऊ लागले: हातात ग्लोव्ह, गळ्यात पदक, बाजूला साहेब. तो फोटो गावभर फिरायचा आणि आमच्या दारावरून पुढं जायचा, कारण बाबा पाहायचेच नाहीत. अठरा वर्षं बाबांनी काकाजींचं नाव घेतलं नाही. चौऱ्याहत्तर साली काकाजी पेन्शनीत आले, गाडीतून उतरले ते खिशावर सोनेरी भरतकाम असलेला जांभळा कोट घालून. अख्खा टोला बघायला गेला. बाबा शेतावर गेले. महिनाभरानं बाबांनी त्यांना गोठ्यामागं उभं असलेलं पाहिलं. काकाजी एका गुंडीशी झटत होते. बाबांनी एक गाडी शेणखत भरलं, तरी काकाजी त्याच गुंडीवर. बाबा कुंपण ओलांडून गेले आणि गुंडी लावून दिली. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा गेले.

अठरा वर्षांचं जळणं एका गुंडीत विझतं, हे मला काही पटत नाही. माझं तर छान चालू होतं.

काकाजींकडं गावानं एक काम दिलं होतं. ते आमच्या तलावाचे पाणकर होते. आमचा धान तलावावर पिकतो. तलावाच्या मातीच्या पाळीखालून पाणी सोडायची दगडी पायऱ्यांची जागा असते, तिला आम्ही तुडूम म्हणतो. प्रत्येक पायरीला भोक, भोकात लाकडी गुडदा. पाणकर पाण्यात उतरतो, गुडदा उपसतो, आणि मग फावडं घेऊन एकेकाच्या बांधीचं, म्हणजे धानाच्या वाफ्याचं, तोंड फोडत जातो. खातेदार बावीस, म्हणून नंबर बावीस. सुरुवात शेवटच्या बांधीपासून, म्हणजे लांबचा उपाशी राहत नाही. घड्याळ काकाजींचं, माप बॉक्सिंगचं: तीन मिनिटांचा एक राउंड, एकराला पंधरा राउंड. ‘‘माहे किती राउंड झाले जी?’’ असं आमच्याकडं म्हाताऱ्या बायासुद्धा विचारतात.

हे नंबर आमच्यात लिहून ठेवत नाहीत. माझ्या आज्याच्या काळी कुणीतरी ते लिहिले होते. कागदावर दोन नावं खालीवर झाली आणि दोन डोकी फुटली. तेव्हापासून नंबर फक्त पाणकराच्या तोंडात. कुणी कुणाला अर्धा नंबर दिला, कुणी कुणाशी बदलला, सगळं त्याच्यासमोर बोलायचं आणि त्यानं ध्यानात ठेवायचं. त्यामुळं पाणकर म्हणजे गावात पाटलाखालोखाल मान, आणि त्या मानाची खूण म्हणून हातात काठी. काकाजींना त्या काठीशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. काठी गेली की ते खाटेवर बसून राहणारे एक थरथरते म्हातारे झाले असते. हे त्यांना माहीत होतं, बाबांना माहीत होतं, आणि यादोरावला तर पक्कं माहीत होतं.

यादोराव म्हणजे आमच्या टोल्याचा जुना पहिलवान. एका हातानं धानाचं पोतं उचलायचा. जांभळा कोट गाडीतून उतरला त्या दिवशी त्याची खुर्ची गेली. त्यानं काकाजींना दोनदा मंडईत उतरायला ललकारलं होतं. काकाजींनी दोन्ही वेळा नुसते हात जोडले. न लढताच हरवल्यासारखं झालं त्याला. तेव्हापासून तो नाकातून बोलतो. (आधीही बोलत असेल, पण माझ्या नकलेत तेव्हापासून बोलतो.)

एक्क्याऐंशी साली पावसानं भाद्रपदातच पाठ फिरवली. आधीची दोन वर्षं पाऊस धो धो होता, नंबर लावायची वेळच आली नव्हती. आता धान पोटरीत आणि तलाव अर्धा. बैठक बसली मारुतीच्या ओट्यावर.

यादोराव उठला. ‘‘मी काय मनतो मंडळी, श्रावन माहा भाऊच आहे. पन मी काय मनतो, भाऊ पिऊन तुडमात उतरन अन् एखांद्या दिवशी गुडद्यासंगं बुडीत जाईन, तं पाप कोनाच्या डोक्यावर? अन् हे मी मनून नाई राहिलो. खुशालची पोट्टी मंडईत करून दाखवते, सारा गाव पाहते. पोट्टी का खोटी आहे?’’

सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. एरवी मला हे फार आवडतं.

पाटील समजुतीचे. म्हणाले, ‘‘श्रावन, घेते कोन नाई गा? मारुतीसमोर हात ठेव, सोडली मन, काठी तुह्याच हाती.’’

काकाजी उठले. त्यांचा चेहरा आता फारसा हलत नाही. राग आला की हसू आलं, कळत नाही. बाबा खाली मान घालून बसले होते. काकाजी सरकत सरकत मारुतीपर्यंत गेले, हात ठेवला, आणि म्हणाले, ‘‘सो…ड…’’

आणि मी ओरडले. चार दिवसांपूर्वीच केशरकाकूनं पोहे पाखडता पाखडता मला कामठीच्या डॉक्टरचं सगळं सांगितलं होतं, आणि ते माझ्या पोटात गरम भातासारखं बसलं होतं. ‘‘ते घेतच नाई जी! बाटली माही होती! त्यायच्या डोस्क्याले मार आहे. डॉक्टरनं सांगतलं, मेंदू हलला. आता हळूहळू सप्पा विसरतीन, हात विसरतीन, पाय विसरतीन. दारू नाई जी, डोस्कं आहे!’’

मला वाटलं टाळ्या पडतील.

काकाजींनी मारुतीवरून हात काढला. आणि बाबांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते बघणं मिळालं, आणि ते असं होतं की मला ओट्याखाली जावंसं वाटलं.

यादोरावला तर बसल्या जागी दिवाळी. ‘‘मी काय मनतो, मंग तं आनखीनच झालं! डोस्क्यात राहतच नाई, तं बावीस नंबर कुठं ठेवते हा? खिशात?’’

लोक कुजबुजू लागले. पाटलांनी कान खाजवला. मग ठरलं ते असं: परवापासून नंबर सुरू. दोन दिवस. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. श्रावणला कुणी सांगायचं नाही, कुणी टोकायचं नाही, खुशालनं तर जवळही फिरकायचं नाही. एक नंबर चुकला की तिथंच काठी यादोरावच्या हातात.

घरी जाताना बाबा पुढं, मी मागं. मागं न वळताच बाबा बोलले. ‘‘त्यालेही मालूम होतं, मलेही मालूम होतं. आमी कायले चूप होतो, विचारलं काय तू?’’

‘‘मी तं चांगल्यासाठी…’’

‘‘दारुड्याले गाव मनते, सोड. तो मनते, सोडली. झालं. आता याले काय सोडाले सांगतीन? डोस्कं?’’

ती अफवा म्हणजे त्यांच्यावरचं पांघरूण होतं, आणि ते मीच विणलं होतं, आणि मीच ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या मागोमाग काकाजींच्या घरी गेले. बाबा तिसऱ्या गुंडीवर होते. मी म्हटलं, ‘‘काकाजी, मले बावीसही नंबर पाठ आहेत. तुमी दोन सालाच्या पयले पाळीवर मनत होते ना, तवाचे. मी तुमाले दिसन अशी उभी राहते. अडलं तं नुसतं माह्याकडं पाहा, मी ओठ हालवते.’’

‘‘म्हन… पाहू,’’ काकाजी म्हणाले.

मी म्हटले. मला नंबर त्यांच्या आवाजातच पाठ होते, म्हणून त्यांच्याच आवाजात निघाले: शेवटचं अक्षर गिळत, शिंगाडा तोंडात धरून, एक ते बावीस. संपल्यावर लक्षात आलं, की ही नक्कल मी साऱ्या गावासमोर केली होती, त्यांच्यासमोर कधीच नाही.

काकाजी जमिनीकडं पाहत होते. ‘‘असा… बोलतो मी?’’

बाबांचं बोट चौथ्या गुंडीवर थांबलं.

‘‘पयले… कसा बोलत जाव, खुशाल?’’

‘‘घाईघाईनं,’’ बाबा म्हणाले. ‘‘दुसऱ्याचं आयकाच्या पयले तुहं उत्तर तयार राहे.’’

काकाजींनी मान हलवली. मग माझ्याकडं बघत, एकेक शब्द उपसत ते म्हणाले, ‘‘तुह्या जिभेची… जलन होते मले, बेबी. लई… जलन.’’

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यावर जळत होतं, आणि ते मला आवडलंही. सांगायला लाज वाटते, पण आवडलं.

‘‘शर्त लाव,’’ ते म्हणाले. ‘‘बावीस नंबर… तुह्याकडं… एक डाव नाई पाहनार.’’

‘‘अन् पाहलं तं?’’

‘‘कोट… तुहा.’’

जांभळा कोट! त्या कोटाशिवाय माझी नक्कल अर्धवट होती, हे मला किती दिवस टोचत होतं. ‘‘अन् नाई पाहलं तं?’’

‘‘एका बाजाराच्या दिवशी… तुही जीभ… माही. दिवस मावळतवरी… चूप.’’

केशरकाकू चुलीपासून ओरडली, ‘‘लावू नोको वो बेबी, मरशीन!’’ मी लावली. आणि खरं सांगते, मला ते जिंकायला हवे होते आणि कोटही हवा होता.

पहिला दिवस सरळ गेला. काकाजी काठी टेकत तुडमात उतरले, छातीभर पाण्यात गेले, बुडी मारली. गुडदा हातात घेऊनच वर आले, आणि हात जराही थरथरत नव्हते. मग ते बांध्यांमधल्या धुऱ्यांवरून चालू लागले. मी प्रत्येक बांधीवर बरोबर त्यांच्या समोर. ते माझ्या डोक्यावरून पाहायचे. एक, दोन, पाच, नऊ. अकराव्या नंबरला दिवस मावळला. यादोराव मागं मागं, बोटं मोजत.

दुसऱ्या दिवशी सोळावा नंबर संपला आणि काकाजी धुऱ्यावर उभे राहिले. उभेच. घड्याळाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं. पाटाचं पाणी अडवून धरलेलं, ते फुगत चाललं. सतरावा नंबर यादोरावच्या वरच्या बांधीचा, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. यादोराव तर स्वतःच आपल्या बांधीचं तोंड फोडून तयार होता. दोघं बघे ‘‘गेला, गेला’’ असं पुटपुटले. लांब, पळसाखाली बाबा उभे होते. त्यांच्या दोन्ही मुठी तोंडावर. मी काकाजींच्या अगदी नाकासमोर जाऊन उभी राहिले. ओठ तयार ठेवले. आता पाहतील. आता पाहतील.

पाहिलं नाही. डोळे मिटले. काठी आणि फावडं खाली टाकलं. दोन्ही मुठी हनुवटीपाशी आल्या, खांदा पुढं झाला, आणि काकाजी धुऱ्यावरच सरकू लागले: मागं दोन पावलं, डावीकडं एक, पुन्हा मागं. सोळाव्याच्या तोंडापर्यंत गेले, तिथून वळले, आणि पाय आपोआप निघाले. डोक्यातून गेलेलं पायांत होतं. ते यादोरावच्या बांधीवरून पुढं गेले आणि रुखमाबाईच्या कोरड्या बांधीपाशी थांबले. डोळे उघडले, मागं येऊन फावडं उचललं आणि रुखमाबाईच्या बांधीचं तोंड फोडलं.

‘‘चुकला!’’ यादोराव नाचलाच. ‘‘मी काय मनतो, चुकला! सतरावा माहा! आना काठी!’’

माझ्या पाठांतरात रुखमाबाई सतराव्यात नव्हतीच.

काकाजींनी घड्याळ पाहिलं. ‘‘अर्धा… हिचा. साडेसात राउंड. मंग… तुहा.’’

पाटील म्हणाले, ‘‘हे कवाचं?’’

रुखमाबाई विधवा बाई, चारचौघांत कधी बोलत नाही. पदर दातात धरून म्हणाली, ‘‘माहे मालक गेले त्या साली जी. यादोरावभाऊजीनं माह्या बांधीतून गाडीची वाट घेतली, अन् अर्धा नंबर देतो मनले. तुडमावर बोलनं झालं. श्रावनभाऊजीच होते तेथी, दुसरं कोनी नाई. तवाच ते सोळाव्यापासून माह्या बांधीवरी चालून पाहून गेले.’’

‘‘मंग आतावरी बोलली काहून नाई?’’

‘‘दोन सालं नंबर लागले कुठं जी? अन् माहं आयकते कोन?’’

गाडीची वाट तर सगळ्यांना दिसतच होती, रुखमाबाईच्या बांधीच्या मधोमध. पाटलांनी वाटेकडं पाहिलं, मग यादोरावकडं. ‘‘मी काय मनतो…’’ यादोराव म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याला पुढं काही म्हणायचं नव्हतं. पाणकराची काठी त्याला इतकी का हवी होती, ते आता शेंबड्या पोरालाही कळलं.

पाणी रुखमाबाईच्या बांधीत शिरलं. उरलेले पाच नंबर काकाजींनी एका दमात दिले. बाविसावा संपला तेव्हा दिवस झाडांच्या शेंड्यांवर होता. ते पुन्हा तुडमात उतरले, गुडदा बसवला, वर येऊन ओल्या पायरीवर बसले, आणि दोन्ही हात पुढं धरले. मनगटं वर. हात रिकामे झाले होते, म्हणून थरथरत होते. ते तसेच धरून बसले. कुणाला कळेना काय हवंय. पाटलांना वाटलं, काठी मागतात.

बाबा पळसाखालून धावत आले. समोर चिखलात गुडघे टेकून बसले आणि काकाजींच्या मनगटावरची, नसलेली दोरी सोडू लागले. आधी डावीची. गाठ ओली असावी तशी ओढली, दातानंही ओढली. मग उजवीची. मग दोन्ही ग्लोव्ह हळूच उपसून बाजूला ठेवले. कुणीही हसलं नाही. मी बघत होते. इतकी हुबेहूब नक्कल मी आजवर केलेली नाही, आणि हे बाबा कुठं शिकले, कुणाच्या कोपऱ्यात उभे राहून शिकले, ते त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

‘‘कोन… जिंकलं?’’ काकाजींनी विचारलं.

‘‘तू,’’ बाबा म्हणाले.

काठी राहिली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींनी केशरकाकूला तीनदा विचारलं, की नंबर कधी लागणार आहेत. तिन्ही वेळा ती म्हणाली, ‘‘झाले ना जी, तुमीच देले,’’ आणि तिन्ही वेळा ते खूश झाले. मला वाटलं, शर्तही विसरले असतील.

छे. बाजाराच्या दिवशी सकाळीच दारात हजर, पाची गुंड्या लावलेल्या, जांभळा कोट चढवलेला. माझ्यापुढं बोट नाचवलं आणि ते आपल्या ओठांवर ठेवलं. मी तोंड मिटलं.

सानगडीचा बाजार म्हणजे माझं रान. त्या दिवशी तर देवानं ठरवून मला छळलं. बांगडीवाली शकुनबाई कुणाला तरी शिव्या देत होती, अशा सुरात की मला उभ्या उभ्या घाम फुटला. आणि यादोराव चपलीच्या दुकानी. एक चप्पल पायात, एक हातात. ‘‘मी काय मनतो, याची जोडी मी घेतो, पन मी काय मनतो, हा उजवा पाय डाव्यापेक्षा कमी वाजते!’’ दुकानदार रडकुंडीला. भोवती चाळीस माणसं. सगळ्यांनी आपोआप माझ्याकडं पाहिलं. मी हाताची बोटं चावली.

तेवढ्यात काकाजी पुढं झाले. कोट सारखा केला. मान तिरपी केली. नाक चिमटीत धरलं. ‘‘मी… काय… मनतो,’’ ते म्हणाले.

एवढंच. पुढं काहीच नाही. नाक धरून ते आपले उभे, पुढचा शब्द शोधत, आणि तो सापडेना. आणि बाजार फुटला. चप्पलवाला, शकुनबाई, पाटील. यादोरावच्या तोंडावरसुद्धा काहीतरी हललं. बाबा तर भाजीच्या टोपलीवर बसलेच.

ती नक्कल वाईट होती. नाक चुकीच्या बाजूनं धरलं होतं, ‘काय’वर जोर द्यायला हवा तो ‘मी’वर दिला, आणि यादोराव मान तिरपी करतच नाही, हनुवटी वर करतो. मी ती झोपेत दहापट बरी केली असती. पण हे सांगणार कसं? दिवस मावळायला अजून दीड तास होता, आणि माझी जीभ त्यांच्याकडं होती.